इंधनदाब नियामक बदलणे (खानदेश)

पेट्रोल इंजिनाच्या इंजेक्टरांपाशी (इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या झडपांपाशी) पेट्रोलचा दाब नेमका राखणारा, मुठीत मावेल एवढा धातूचा डबा म्हणजे इंधनदाब नियामक. गॅरेजात त्याला नुसते ‘रेग्युलेटर’ म्हणतात. गॅस किट बसवलेल्या गाडीत मात्र त्याच नावाची दुसरी वस्तू असते, म्हणून दुकानात ‘पेट्रोलच्या रेलवरचा’ (रेल म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) असे स्पष्ट सांगूनच तो मागावा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जुन्या पेट्रोल गाड्या अजून कामावर आहेत, आणि हा भाग घरच्या अंगणात बदलण्याजोगा आहे. बदलण्यापेक्षा अवघड आहे ते दोष खरोखर त्याचाच आहे हे ठरवणे.

२००० साली वाहनांच्या धुराचे नवे निकष देशभर लागू झाले आणि मोटारींतला कार्बोरेटर मागे पडत गेला. त्याच्या जागी आलेल्या एमपीएफआय पद्धतीत (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) टाकीतला पंप पेट्रोल इंजिनावरच्या रेलमध्ये ढकलतो आणि इंजेक्टर ते काही सहस्रांश सेकंदांपुरते उघडून सोडतात. किती वेळ उघडायचे एवढेच संगणकाच्या हाती असते. तेवढ्या वेळात किती पेट्रोल पडेल, हे दाबावर ठरते. नियामकाच्या आत रबरी पडदा आणि स्प्रिंग असते. दाब वाढला की पडदा उचलला जातो आणि जास्तीचे पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. पडद्याच्या दुसऱ्या बाजूला इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या संचातून) आलेली व्हॅक्यूमची नळी जोडलेली असते. त्यामुळे नियामक दाब स्थिर ठेवतो असे म्हणणे अपुरे आहे. रेलमधला आणि मॅनिफोल्डमधला दाब यांतला फरक तो स्थिर ठेवतो. तीन बारचा (बार हे दाबाचे एकक) नियामक, रेस न देता इंजिन नुसते चालू असताना, दाब मोजणाऱ्या गेजवर सुमारे २.४ बार दाखवतो आणि पूर्ण रेस दिली की तीनच्या जवळ जातो. ही गोष्ट ठाऊक नसल्याने गेजवरचा कमी आकडा पाहून चांगला नियामक काढून टाकल्याचे प्रकार होतात.

खानदेशात या भागाचे महत्त्व उन्हाळ्यात कळते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापते. पेट्रोलमधले हलके घटक उघड्यावर ३५ ते ४० अंशांनाच उकळू लागतात. इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये दाब टिकून राहिला, तरच ते द्रवरूपात राहते. नियामक आतून गळत असेल तर दाब टाकीकडे निघून जातो आणि रेलमध्ये वाफ भरते. मग भर दुपारी बाजारात अर्धा तास उभी केलेली गाडी सेल्फ मारून मारून थकवते, आणि तीच गाडी सकाळी लगेच सुरू होते. मात्र दाब पंपाच्या झडपेतून किंवा गळक्या इंजेक्टरमधूनही उतरू शकतो. परतीची नळी रबरी असेल तर ती कापड लावून हलकेच दाबून धरावी. तेवढ्याने दाब टिकला तर गुन्हेगार नियामकच. नळी प्लॅस्टिकची असेल तर हा प्रयोग करू नये, ती तडकते.

पडदा फाटल्याची खूण सगळ्यांत खात्रीची असते. व्हॅक्यूमची नळी उपटून पाहावी. तिच्यात पेट्रोलचा ओलावा किंवा वास असेल तर दुसऱ्या कसोटीची गरज नाही. फाटक्या पडद्यातून पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये ओढले जाते, सायलेन्सर काळा धूर टाकतो, प्लगवर काजळी धरते आणि ॲव्हरेज कोसळते. अहिराणी बोलणारा मालक एवढेच सांगतो, ‘गाडी पेट्रोल पेस’, म्हणजे पेट्रोल पिते. उलट दाब कमी पडत असेल तर सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मात्र गाडी झटके खाते आणि पिकअप सोडते. अशा वेळी आधी फिल्टर आणि पंप तपासावा, कारण दोष बहुधा तिथे निघतो. मळ्यातल्या घरी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी व्हॅक्यूमची नळी कुरतडलेली असते. नळी गेली की लक्षणे नियामकाचीच वाटतात, आणि दुरुस्ती वीतभर नळीची असते. गॅस किट लावताना त्याच नळीला फाटा काढलेला असेल तर तो जोडही पाहावा.

काम पहाटे, इंजिन थंड असताना आणि उघड्यावर करावे. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गोठ्यात करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरत जाते. पहाटेच अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला असतो, हिवाळ्यात शेजारी शेकोटी असते. दोन्ही विझल्याशिवाय पान्याला हात लावू नये. पावडरचे अग्निशामक जवळ हवे. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकले तर आग पसरते.

प्रथम टाकीचे झाकण सैल करावे. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करावे आणि ते आपोआप बंद पडू द्यावे. नंतर दोनदा सेल्फ मारला की उरलासुरला दाबही जातो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. तरीही रेलमध्ये थोडे पेट्रोल राहतेच, म्हणून जोडाभोवती फडके गुंडाळावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. व्हॅक्यूमची व परतीची नळी काढली की नियामक दोन बोल्टांवर किंवा एका सर्क्लिपवर (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीवर) धरलेला दिसतो. तो पिळत सरळ बाहेर ओढावा. जुनी ओरिंग (जोड गळू न देणारी रबरी कडी) अनेकदा रेलच्या तोंडातच अडकून राहते. ती न काढता नवा भाग बसवला की पेट्रोल गळते, आणि घरगुती कामातली ही सर्वांत धोकादायक चूक आहे.

नवा नियामक जुन्याच दाबाचा असावा. आकार जुळला म्हणजे दाब जुळला असे नाही. ओरिंग पेट्रोल सोसणाऱ्या फ्लोरोकार्बन रबराची घ्यावी. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागल्यापासून तर हे जास्तच पाळावे, कारण जुन्या धाटणीचे रबर इथेनॉलने फुगते आणि मग चिरते. ओरिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे. ग्रीस किंवा गॅस्केटची पेस्ट लावू नये. नियामक हाताने पूर्ण बसवून बोल्ट आळीपाळीने आवळावेत. रेल ॲल्युमिनियमची असेल तर जोर केल्याने आटे जातात. फ्यूज आणि बॅटरी जोडून किल्ली तीन-चार वेळा नुसती ऑन करावी. दर वेळी पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि दाब भरतो. त्या वेळी टॉर्च धरून जोडाखाली बोट फिरवावे. बोट कोरडे राहिले तरच इंजिन सुरू करावे.

हे सारे परतीची नळी असलेल्या गाड्यांपुरते आहे. नंतरच्या बऱ्याच गाड्यांत नियामक टाकीतल्या पंपासोबतच असतो; तिथे टाकी उघडावी लागते, ते काम गॅरेजातच व्हावे. कॉमन रेल डिझेलला तर घरी हात लावूच नये. त्या रेलमधला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टिंबाएवढी दिसली तरी तत्काळ शस्त्रक्रिया लागू शकते.

पडदा फाटलेला असेल तर काम इथे संपत नाही. डिपस्टिक काढून वास घ्यावा. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी खुणेच्या वर चढली असेल तर पेट्रोल खाली उतरले आहे. पातळ झालेल्या त्या ऑइलवर गाडी भर उन्हात धुळ्यापर्यंत नेली तरी बेअरिंगे खराब होऊ शकतात. ऑइल आणि त्याचा फिल्टर त्याच दिवशी बदलावा.