आधी कोणती जागा भरायची? एनएफएल ड्राफ्टमधील वादाची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, दर एप्रिलच्या अखेरीस ड्राफ्ट होतो आणि ३२ संघ सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडूंमधून आपले नवे भिडू निवडतात. आयपीएलच्या लिलावासारखी येथे बोली लागत नाही. आदल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची, असा साधारण क्रम असतो, आणि आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन तिच्या बदल्यात खेळाडू किंवा इतर पाळ्या घेता येतात. पैशाची चढाओढ नसल्यामुळे सारा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतो: हातातली ही एक पाळी कोणत्या जागेवर खर्च करायची? पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला संरक्षण देणारा टॅकल आधी घ्यायचा की लांबचे पास झेलणारा रिसीव्हर, आणि चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक पहिल्या फेरीत घ्यावा की घेऊच नये, यावर चाहते हिवाळा संपण्याआधीपासून हिरिरीने भांडतात. आज ठाम वाटणारी बहुतेक मते खेळाच्या नियमांतून आणि करारांच्या अर्थकारणातून घडली आहेत, आणि नियम किंवा अर्थकारण बदलले तेव्हा तीही बदलली आहेत.

ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांची. चांगले खेळाडू श्रीमंत आणि यशस्वी संघांकडेच जातात, दुबळे संघ दुबळेच राहतात आणि त्यातून लीगच मोडेल, अशी भीती त्यांनी १९३५ मध्ये इतर मालकांपुढे मांडली. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ नावे निवडली. सर्वांत पहिले नाव होते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचे, जो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. त्या काळात तेच अकरा खेळाडू चढाई करीत आणि बचावही करीत, त्यामुळे ‘कोणती जागा महत्त्वाची’ हा प्रश्न आजच्या अर्थाने उभा राहणे शक्यच नव्हते. १९५० मध्ये खेळाडू हवे तितक्या वेळा बदलण्याची मुभा कायम झाली आणि चढाईचा व बचावाचा संघ वेगळा झाला. प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र कसबाचा माणूस लागू लागला, आणि जागांची तुलना तेथून सुरू झाली.

तुलना करायची तर मोजमाप हवे. १९६० च्या दशकात डॅलस काउबॉइज या संघाचे कारभारी टेक्स श्रॅम आणि गिल ब्रँट यांनी हे काम संगणकाकडे सोपवले, आणि त्यात आपल्या वाचकांना आवर्जून सांगावा असा एक दुवा आहे. या कामासाठी आयबीएमच्या एका उपकंपनीतून जे संख्याशास्त्रज्ञ पुढे आले, ते सलाम कुरेशी भारतातून अमेरिकेत गेलेले होते आणि त्यांचा या खेळाशी फारसा परिचय नव्हता. चपळाई, ताकद, स्वभाव, बुद्धीची तरतरी आणि चुरशीची वृत्ती यांसारखे गुण अंकांत मांडून वेगवेगळ्या जागांवरच्या खेळाडूंना एकाच यादीत क्रमाने बसवण्याची पद्धत त्यांनी उभी केली. ‘गरज बाजूला ठेवा, यादीत जो सर्वांत वर आहे त्याला घ्या’ हा चाहत्यांच्या वादातला आवडता पक्ष अशा एकत्रित यादीशिवाय मांडताच येत नाही. दुसरा पक्ष अर्थातच ‘आपल्या संघाला काय कमी आहे ते आधी बघा’ असे म्हणणाऱ्यांचा. दोन्ही बाजू आजही जवळजवळ त्याच शब्दांत बोलतात.

१९७० च्या दशकात रनिंग बॅकचे राज्य होते. १९७७ मध्ये पहिल्या क्रमांकावर रिकी बेल आणि दुसऱ्यावर टोनी डॉरसेट निवडला गेला, तर १९७८ मध्ये ह्यूस्टनने पहिल्याच क्रमांकावर अर्ल कँपबेलला घेतले. हे तिघेही रनिंग बॅक. नेमक्या त्याच १९७८ मध्ये लीगने दोन नियम बदलले. पाच यार्डांच्या पुढे गेलेल्या रिसीव्हरला अडवणे किंवा ढकलणे बंद झाले आणि क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून प्रतिस्पर्ध्याला थोपवण्याची परवानगी मिळाली. पास फेकणे सोपे झाले आणि धावण्याचे सापेक्ष मोल उतरणीला लागले, मात्र ही उतरण संघांच्या निवडीत दिसायला बरीच वर्षे लागली. १९८१ मध्ये न्यू ऑर्लिन्सने पहिल्या क्रमांकावर रनिंग बॅक जॉर्ज रॉजर्सला घेतले आणि दुसऱ्या क्रमांकावर न्यू यॉर्क जायंट्सच्या वाट्याला बचावपटू लॉरेन्स टेलर आला. त्याने कडेवरून क्वार्टरबॅकवर झेप घेण्याची कला अशा थराला नेली की त्याला रोखणाऱ्या डाव्या टॅकलची जागा हळूहळू सोन्याच्या भावाची झाली. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असते, हे साधे कारण त्यामागे आहे. १९८३ मध्ये पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक गेले. त्यांतले जॉन एल्वे, जिम केली आणि डॅन मरिनो पुढे हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले, आणि आधी क्वार्टरबॅक, मग बाकी सगळे, ही समजूत दृढ व्हायला त्या वर्षाने मोठा हातभार लावला.

पाळ्यांचे मोल आकड्यांत आणण्याचे श्रेयही डॅलसकडेच जाते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात तेथे एक तक्ता तयार झाला, ज्यात पहिल्या पाळीला ३००० गुण होते आणि पुढच्या प्रत्येक पाळीला क्रमाने कमी. हा तक्ता लवकरच इतर संघांच्याही अदलाबदलीचा आधार बनला. परंतु त्यात जागेचा उल्लेखच नाही, तिसरी पाळी कोणावर खर्च केली तरी तिचे मोल तेच. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी रिकी विल्यम्स या एका रनिंग बॅकसाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या पाळ्या आणि पुढच्या वर्षीच्या दोन पाळ्या देऊन टाकल्या. एकाच खेळाडूसाठी, आणि तेही इतक्या लवकर झिजणाऱ्या जागेसाठी, भविष्य गहाण टाकल्याचे उदाहरण म्हणून या सौद्याचा दाखला आजही दिला जातो, आणि माझ्या मते तो योग्यच आहे. त्याआधी १९९५ मध्ये सिनसिनाटीने पहिल्या क्रमांकावर कि-जाना कार्टरला घेतले होते. हंगामपूर्व सामन्यातच त्याचा गुडघा गेला. त्याच्यानंतर २०२५ पर्यंत एकही रनिंग बॅक पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला नाही.

खरी उलथापालथ पैशाने केली. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या वेतनखर्चाला कमाल मर्यादा आली, तरी वरच्या पाळीच्या नवोदितांचे करार फुगतच गेले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला, ज्यातले ५ कोटी हमीचे होते. २०११ च्या कामगार करारात नवोदितांसाठी वेतनश्रेणी ठरली आणि त्याच वर्षी पहिल्या आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. या श्रेणीत वेतन पाळीच्या क्रमांकावर ठरते, जागेवर नव्हे. दुसऱ्या क्रमांकावर रनिंग बॅक घ्या किंवा क्वार्टरबॅक, खर्च जवळपास तेवढाच. खुल्या बाजारात मात्र अव्वल क्वार्टरबॅक रनिंग बॅकच्या कितीतरी पट महाग आहे. म्हणून जी जागा बाजारात महाग ती ड्राफ्टमध्ये भरावी आणि जी स्वस्त ती बाजारातून घ्यावी, हा तिसरा पक्ष वादात उतरला. २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत सिअ‍ॅटलने घेतलेल्या रसेल विल्सनने अल्प वेतनात दुसऱ्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला, तेव्हा या पक्षाला उत्तम पुरावा मिळाला. २०१३ मध्ये १९६३ नंतर प्रथमच पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक नव्हता, आणि पहिले दोन्ही खेळाडू टॅकल होते.

चाहत्यांच्या वादाचे सर्वांत बोलके प्रकरण २०२१ च्या सिनसिनाटी बेंगल्सचे आहे. आदल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक जो बरो नोव्हेंबरमध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने बाहेर गेला होता. पाचवी पाळी हाती होती आणि समोर दोन नावे होती: टॅकल पेनेई सूअल आणि बरोचा महाविद्यालयीन साथीदार, रिसीव्हर जमार चेस. ज्याचा गुडघा मोडला त्याला आधी कवच द्या, हा युक्तिवाद भावनेलाही पटणारा होता आणि बुद्धीलाही. संघाने चेसला घेतले, सूअल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. चेसने त्या हंगामात १,४५५ यार्ड मिळवून सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा मान पटकावला आणि बेंगल्स थेट सुपर बोलमध्ये पोहोचले. तेथे लॉस एंजेलिस रॅम्सनी बरोला सात वेळा पाडले, आणि २३-२० अशा पराभवाच्या शेवटच्या निर्णायक चालीत अ‍ॅरन डोनाल्डने त्याला गाठले तेव्हा चेस मोकळा धावत होता. एवढे सगळे एका चालीत असताना कोणता पक्ष जिंकला, हे कसे ठरवावे? सूअल पुढे लीगच्या सर्वोत्तम टॅकलांपैकी एक ठरला आणि चेसने २०२४ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले. माझे मत असे की बेंगल्सची निवड चुकली नव्हती, त्यांची उणीव पुढच्या फेऱ्यांत आणि बाजारात पुरेसे रक्षक न मिळवण्यात होती. पाचव्या पाळीवर जितका वाद झाला त्याच्या निम्मासुद्धा त्याच संघाच्या दुसऱ्या फेरीवर झाला नाही, ही या चर्चांची जुनी मर्यादा आहे.

रनिंग बॅकचा प्रश्नही मिटलेला नाही. २०१८ मध्ये जायंट्सनी दुसऱ्या क्रमांकावर सॅक्वॉन बार्कलीला घेतले, तेव्हा जोश अ‍ॅलन आणि लमार जॅक्सन हे क्वार्टरबॅक अजून निवडले जायचे होते, आणि ती निवड चुकीच्या प्राधान्याचे प्रतीक ठरली. तोच बार्कली २०२४ च्या हंगामात ईगल्सकडून २,००५ यार्ड धावला आणि त्या संघाने सुपर बोल जिंकला. रनिंग बॅकचे समर्थक हा विजय आपला मानतात. विरोधक दाखवून देतात की ईगल्सनी त्याला पाळी खर्चून नव्हे तर बाजारातून आणले, आणि तेही अशा संघात, ज्याच्या रक्षकांच्या फळीत २०१३ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलेला लेन जॉन्सन आणि २०१८ मध्ये सातव्या फेरीत घेतलेला जॉर्डन मेलाटा आधीपासून उभे होते. त्या सुपर बोलनंतर दोन महिन्यांनी, एप्रिल २०२५ मध्ये, लास व्हेगस रेडर्सनी सहाव्या क्रमांकावर रनिंग बॅक अ‍ॅश्टन जेंटीला निवडले.