डाग थांबले म्हणजे माज संपला नाही

कुत्रीचे रक्ताचे डाग दिसेनासे झाले की घरातली मंडळी सुटकेचा निःश्वास सोडतात. फरशी पुसणं संपलं, जुन्या चादरी धुवायला गेल्या, तिचं मोकळं फिरणं पुन्हा सुरू झालं. नको असताना गाभण राहिलेल्या कुत्रीची गोष्ट बऱ्याचदा इथूनच सुरू होते, कारण डाग फिकटतात तेव्हा खरा माज कुठे आत्ता सुरू होत असतो.

माणसाच्या पाळीचं गणित डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की आपण ते कुत्रीलाही लावून टाकतो. माणसात रक्तस्राव ही गर्भ न राहिल्याची खूण असते. कुत्रीत मात्र तो येऊ घातलेल्या माजाची वर्दी असते. इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक वाढतं, गर्भाशयाचं अस्तर रक्ताने भरतं आणि त्यातलं थोडं बाहेर झिरपतं. हा टप्पा सरासरी ९ दिवसांचा. पण कुणाचा ३ दिवसांत आटोपतो, तर कुणाचा २१ दिवस लांबतो. या दिवसांत नर मागे लागतात आणि ती त्यांना गुरकावून पळवते. पुढे स्राव पातळ, फिकट होतो आणि तिचा नूर पालटतो. नर जवळ आला की ती शेपूट एका बाजूला घेऊन थांबते. हा टप्पाही सरासरी ९ दिवसांचाच, आणि तोही असाच कमी-जास्त होणारा. म्हणून पहिला डाग दिसला ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची आणि तिथून निदान ४ आठवडे पट्टा सोडायचा नाही. कुंपण घातलेलं अंगण म्हणजे बंदोबस्त नव्हे. माजावरच्या मादीचा वास आला की एरवी आळशी असणारा कुत्राही कुंपणावरून उडी मारतो, नाहीतर खालून माती उकरतो.

आणखी एक गुंतागुंत आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत बीजांड बाहेर पडतं तेव्हा फलनाला तयार असतं. कुत्रीचं बीजांड कच्चंच बाहेर पडतं आणि त्याला पिकायला २ ते ३ दिवस लागतात. कुत्र्याचे शुक्राणू मात्र तिच्या शरीरात ५ ते ७ दिवस सहज तग धरतात. त्यामुळे ‘अजून वेळ होता, काही होणार नाही’ या हिशोबाला अर्थ उरत नाही. आज आलेले शुक्राणू आठवड्याने पिकणाऱ्या बीजांडाची वाट पाहत बसू शकतात.

वयाचाही अंदाज चुकतो. बहुतेक कुत्र्या ६ ते १२ महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येतात; लहान जातींत लवकर, थोराड जातींत उशिरा. मालकाच्या मनात मात्र ती अजून पिल्लूच असते. एकाच विणीतले भाऊबहीण एकत्र पाळलेल्या घरात तर हा गैरसमज महागात पडतो. कुत्र्यांना नातं कळत नाही, आणि एरवी झाकलेले आनुवंशिक दोष अशा जोडीतून उघडे पडण्याची शक्यता वाढते.

आता तो प्रसंग. दोघं पाठीला पाठ लावून अडकलेले, आणि भोवती माणसांची धावपळ. कुणी पाणी ओततं, कुणी काठी आणतं, कुणी दोन्ही बाजूंनी ओढतं. यातलं काहीही करू नका. नराच्या शिश्नाच्या मुळाशी असलेला फुगीर भाग मादीच्या शरीरात गेल्यावर रक्ताने आणखी फुगतो आणि मादीचे स्नायू त्याला आवळून धरतात. नर एक पाय पलीकडे टाकून वळतो आणि दोघं साधारण ५ ते ३० मिनिटं तशीच राहतात. रक्त ओसरलं की आपोआप सुटतात. जबरदस्तीने ओढलं तर दोघांनाही गंभीर इजा होऊ शकते, आणि साधत काहीच नाही: शुक्राणूंचा मुख्य भाग सुरुवातीलाच आत गेलेला असतो. पुढच्या वेळात येतो तो प्रोस्टेट ग्रंथीचा द्रव, जो त्या शुक्राणूंना आत ढकलतो. तिला शांत ठेवायचं, खाली बसू द्यायचं नाही, ओरडायचं नाही, एवढंच काम.

मला या सगळ्यात नवल वाटतं ते याचं की मालकाची सगळी तडफड याच अर्ध्या तासात होते, जिथे त्याच्या हातात काही नसतं. आधीचे ४ आठवडे हातात होते, आणि पुढचे काही आठवडेही आहेत. त्या पुढच्या आठवड्यांत मात्र बरेच जण ‘बघू, राहिलं तर राहिलं’ म्हणून गप्प बसतात.

समागमाची तारीख लिहून ठेवा आणि एक-दोन दिवसांत पशुवैद्याला गाठा. आत पाणी मारून धुण्याचा उपयोग नाही. माणसांसाठीची गर्भनिरोधक गोळी तर मुळीच देऊ नका. पूर्वी अशा वेळी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन सर्रास दिलं जाई. त्याने गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो आणि अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी तयार करणारा हाडांतला मगज, दबून जिवावर बेतू शकतं, म्हणून जाणते पशुवैद्य आता ते टाळतात. काही देशांत अॅग्लेप्रिस्टोन मिळतं. गर्भ टिकायला प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक लागतं आणि हे औषध त्याचीच वाट अडवतं. २४ तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं देतात आणि जितकं लवकर तितका परिणाम चांगला. पुढे कधीच पिल्लं नको असतील तर गर्भाशय-अंडाशय काढणं हा सरळ मार्ग. माजात रक्तपुरवठा वाढलेला असल्याने शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलतात, पण तीही गर्भ लहान असतानाच होते.

ती गाभण आहे की नाही हे नुसतं बघून ओळखता येत नाही. माजानंतर जवळजवळ दोन महिने प्रोजेस्टेरॉन चढलेलंच राहतं, गर्भ असो वा नसो. आचळं भरतात, पोट सुटतं, काही कुत्र्या खेळणी गोळा करून त्यांना पिल्लांसारखं सांभाळतात, आणि पोटात काही नसतं. माणसांची गर्भचाचणीची पट्टी इथे निरुपयोगी, कारण ती शोधते ते संप्रेरक कुत्रीत तयारच होत नाही. साधारण २५ दिवसांनंतर सोनोग्राफीत कळतं. पिल्लं किती ते मोजायचं तर हाडं पक्की होईपर्यंत, म्हणजे शेवटच्या आठवड्यापर्यंत, थांबून एक्स-रे काढावा लागतो.

‘भलत्याच कुत्र्याने जात बिघडवली, आता हिची पिल्लं कधीच शुद्ध निघणार नाहीत’ असंही ठामपणे सांगणारे भेटतात. ही समजूत एके काळी विद्वानांमध्येही होती. १८९०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये प्राणिशास्त्रज्ञ जेम्स कोसार यूअर्ट यांनी घोड्या आधी झेब्र्याकडून आणि मग घोड्याकडून फळवून पाहिल्या. नंतरच्या शिंगरांवर झेब्र्याची छाप असल्याचा पुरावा त्यांना सापडला नाही. तेव्हा कुत्रीला दोष लावून टाकून देण्याला विज्ञानाचा आधार नाही.

खरा धोका वेगळाच आहे. ब्रुसेला कॅनिस हा जिवाणू समागमातून पसरतो, गर्भपात घडवतो आणि माणसालाही होऊ शकतो. दुसरा पाहुणा त्याहून विलक्षण: जननेंद्रियांवर वाढणारा एक संसर्गजन्य कर्करोग, ज्यात जंतू नव्हे तर कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. जनुकीय अभ्यासानुसार त्या सगळ्या पेशी ४,००० ते ८,५०० वर्षांपूर्वी आशियात होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या वंशातल्या आहेत. व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगाच्या औषधाने तो बहुधा बरा होतो, पण त्यासाठी कुणीतरी तपासायला हवं. दोघांनाही. नराचा मालक साधारणपणे ‘आमच्याला काय व्हायचंय’ म्हणून निघून जातो. आपला कुत्रा मोकळा सोडणाऱ्याने तपासणीचा आणि औषधोपचाराचा अर्धा खर्च उचलायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. कुत्र्याची नसबंदी केलीय म्हणून मालक सुटत नाही: शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे कुत्र्याच्या शुक्राणूवाहिन्यांत शुक्राणू उरलेले असतात.

पिल्लं झालीच तर त्यांनी आईजवळ निदान ८ आठवडे राहायला हवं, आणि तोवर घरंही शोधायला हवीत. तेव्हा नराच्या मालकाला फोन जातो आणि पलीकडून ऐकू येतं, ‘आमचाच कशावरून?’ गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्याची डीएनए चाचणी याचं उत्तर देते. मात्र माजाच्या दिवसांत ती दोन नरांना भेटली असेल, तर एकाच विणीत दोघांचीही पिल्लं असू शकतात. अशा वेळी प्रत्येक पिल्लाचा नमुना वेगळा घ्यावा लागतो.