तीन तरणीताठी मुलं होती, तरी चौदा वर्षांत घराणं संपलं

फ्रान्सचा राजा फिलिप चौथा म्हटलं की सगळे टेम्पलरांवर, म्हणजे धर्मयुद्धांतल्या लढवय्या ख्रिस्ती साधूंच्या संघावर येतात. 13 ऑक्टोबर 1307, शुक्रवार, देशभर एकदम धरपकड, मग मार्च 1314 मध्ये त्यांचा प्रमुख जाक द मोले पॅरिसात जिवंत जाळला, त्याने मरताना शाप दिला वगैरे. शाप राहू द्या बाजूला, मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते फिलिपच्या कापे घराण्याचं नशीब.

987 मध्ये आधीच्या कॅरोलिंजियन घराण्याचा राजा लुई पाचवा मूलबाळ नसताना शिकारीत मेला आणि सरदारांनी ह्यूग कापेला निवडलं. खरा ताबा म्हणाल तर पॅरिस-ओर्लेआंच्या आसपासचाच, बाकीचे सरदार नावापुरते मान देणार. पण माणूस हुशार, त्याच वर्षी पोराला, रॉबेरला, राज्याभिषेक करून टाकला म्हणजे आपल्या मागे पुन्हा निवडणुकीची भानगडच नको. ही युक्ती पुढे जवळपास दोनशे वर्षं चालली. आणि मुख्य म्हणजे दरवेळी मुलगा होत गेला! लुई सातव्याचा जीव मात्र टांगणीला लागला होता, दोन बायकांकडून मुलीच, शेवटी तिसरीला 1165 मध्ये मुलगा झाला, तोच फिलिप ऑगस्ट. त्यामुळे मुलीला गादी मिळते का हा प्रश्न सव्वातीनशे वर्षं कुणाला पडलाच नाही.

फिलिप चौथ्याला तर तीन मुलगे, काळजी कसली? पण 1314 मध्येच सुनांचं लफडं बाहेर आलं. दोघी व्यभिचारात दोषी ठरल्या, त्यांच्या प्रियकरांना हालहाल करून मारलं, आणि नोव्हेंबरात राजाही गेला. थोरला लुई दहावा दीड वर्षात, 1316 मध्ये गेला, तेव्हा दुसरी बायको गरोदर, सगळे थांबले, मुलगा झाला आणि पाच दिवसांत वारला. उरली पहिल्या बायकोची चार वर्षांची मुलगी जान, पण तिची आई त्या दोघींतलीच, म्हणजे जन्मावरच शंका. काका फिलिप पाचवा गादीवर बसला आणि 1317 मध्ये सभेकडून वदवून घेतलं की बाईला फ्रान्सची गादी नाही. सॅलिक कायद्याचा (जुन्या फ्रँक लोकांचा, बाईला जमिनीचा वारसा नाकारणारा कायदा) आधार वगैरे नंतर चिकटवलेला, तेव्हा निव्वळ सोय बघितली. गंमत म्हणजे 1322 मध्ये तो मेला तेव्हा मागे फक्त मुली, मग त्याच नियमाने धाकटा भाऊ शार्ल. तोही 1328 मध्ये गेला, पुन्हा बायको गरोदर, पुन्हा सगळे वाट बघत बसले, मुलगी झाली. आपल्याकडे दत्तक घेऊन मोकळे झाले असते, तिकडे गादीसाठी तो रस्ताच नव्हता.

मग चुलत घराण्यातला फिलिप सहावा, व्हॅल्वा शाखेचा, राजा झाला. पण फिलिप चौथ्याची लेक इझाबेल इंग्लंडात दिलेली, तिचा मुलगा एडवर्ड तिसरा म्हणाला मी सख्खा नातू, माझा हक्क जवळचा. 1337 पासूनच्या शंभर वर्षांच्या युद्धाला हेही एक कारण.

तसं व्हॅल्वा काय, नंतरचे बूरबाँ काय, रक्त ह्यूगचंच. म्हणून तर क्रांतीनंतर खटल्यात सोळाव्या लुईला "लुई कापे" म्हणून हाक मारली, आणि तो वैतागून म्हणाला की हे माझं नाव नाही, माझ्या पूर्वजांचं होतं.