पिचरचा मागचा पाय

न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाचा टॉम सीव्हर हा उजव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, होता, आणि सामना रंगात आला की त्याच्या उजव्या गुडघ्यावर मातीचा डाग हमखास दिसे. चेंडू टाकताना तो इतका खाली वाकून पुढे झेपावत असे की मागच्या पायाचा गुडघा जमिनीला घासला जाई. वेगवान चेंडूचे सारे श्रेय दंडाला देणाऱ्यांनी तो डाग जरूर आठवावा.

पिचर ज्या मातीच्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो, त्याची उंची १९६९ पासून १० इंच आहे. त्यावर २४ इंच लांब व ६ इंच रुंद अशी रबरी पट्टी रोवलेली असते आणि मागचे पाऊल तिला टेकवूनच चेंडू टाकायला सुरुवात करावी लागते. पाय या पट्टीला मागे रेटतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे जमीन शरीराला तितक्याच जोराने पुढे ढकलते. मात्र नुसता जोर पुरत नाही, त्याची दिशा अचूक असावी लागते. गुडघा घाईने सरळ झाला तर शरीर वर उचलले जाते आणि ताकद वाया जाते. म्हणून कसलेला पिचर गुडघा थोडा वाकलेला ठेवून, भार पावलाच्या आतल्या कडेवर घेऊन, नितंबाच्या बळकट स्नायूंनी स्वतःला आडवे, म्हणजे बॅटरच्या (फलंदाजाच्या) दिशेने, लोटतो.

यानंतरचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. पुढचे पाऊल जमिनीवर टेकण्याच्या सुमारास मागची मांडी आत वळते आणि तिच्यामुळे कंबर बॅटरकडे फिरू लागते, पण खांदे अजून मागेच असतात. त्यामुळे धड पिळलेल्या कापडासारखे ताणले जाते. पुढचा पाय घट्ट रोवला गेला की पुढे जाणारे शरीर अडते आणि तो वेग कंबरेतून धडाकडे, धडातून खांद्याकडे आणि शेवटी हाताकडे सरकतो. खांद्याजवळ दंड सेकंदाला सुमारे ७००० अंश या गतीने फिरतो, आणि एवढी गती एकट्या दंडाच्या स्नायूंना कधीच साधणार नाही.

चेंडू हातातून सुटेपर्यंत मागच्या पायाने रेटत राहावे, हा समज चुकीचा आहे. त्या क्षणी मागचे पाऊल सहसा पट्टीपासून सुटलेले असते आणि त्याचा चवडा मातीत घासत पुढे येत असतो. पट्टीसमोर उमटलेली ती रेघ पाहून शरीर कोणत्या दिशेने गेले हे प्रशिक्षकाला कळते.