भौतिकशास्त्रात सहयोगी प्राध्यापकपदासाठी अर्ज: पेपर, सायटेशन आणि संशोधन गुणांची फाइल

जाहिरात निघाली की बरेच जण गूगल स्कॉलरवरचा सायटेशनचा, म्हणजे आपले पेपर इतरांनी किती वेळा उद्धृत केले त्याचा, आकडा अर्जात सगळ्यात वर, ठळक अक्षरांत टाकतात. संशोधन गुणांच्या मोजणीत त्या आकड्याला एकही गुण नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) १८ जुलै २०१८ च्या नियमावलीतला गुणतक्ता उघडून बघा. गुण पेपरला आहेत, जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरला (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्याचा आकडा) आहेत, लेखकांच्या यादीतल्या तुमच्या जागेला आहेत. पेपर किती जणांनी उद्धृत केला, याचा रकानाच तिथे नाही. म्हणून आधी गुणांचा हिशेब, मग सायटेशन.

या नियमावलीप्रमाणे थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकासाठी पीएचडी, पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के, ८ वर्षांचा अनुभव, समीक्षित किंवा यूजीसीच्या यादीतल्या जर्नलांत किमान ७ पेपर आणि ७५ संशोधन गुण लागतात. प्राध्यापकासाठी हेच १० वर्षं, १० पेपर आणि १२० गुण. जाहिरातीत कोणत्या नियमावलीचा आणि शासन निर्णयाचा उल्लेख आहे, ते मात्र दरवेळी वाचाच.

विज्ञानशाखेत एका पेपरला मूळ ८ गुण. त्यावर इम्पॅक्ट फॅक्टरची भर: नसेल तर ५, एकपेक्षा कमी असेल तर १०, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, ५ ते १० ला २५, त्यापुढे ३०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०.

आता ३.२ इम्पॅक्ट फॅक्टरच्या जर्नलमधला चार लेखकांचा पेपर घ्या. एकूण २८ गुण. तुम्ही पहिले लेखक असाल तर १९.६, मधल्या रांगेत असाल तर ८.४. म्हणजे पहिले लेखक म्हणून असे चार पेपर ७८.४ वर नेतात, तर सहलेखकाला ७५ ओलांडायला नऊ लागतात. चारांत गुण भरले तरी सात पेपरांची अट वेगळी उभीच राहते. भौतिकशास्त्रात हे फार बोचतं. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या पेपरला पाच हजारांहून जास्त लेखक होते. अशा मोठ्या प्रयोगात वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाच्या वाट्याला ते ३० टक्केच येतात. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण फाइल त्याच नियमाने तपासली जाते.

नुसत्या पेपरांवर विसंबूही नका. गुण सहापैकी किमान तीन प्रकारांतून यावे लागतात. पीएचडी मार्गदर्शन (पदवी मिळाली तर १०, प्रबंध सादर झाला असेल तर ५), पूर्ण झालेला संशोधन प्रकल्प, पुस्तक किंवा निमंत्रित व्याख्यान यांचे कागद आजच शोधायला घ्या.

प्रत्येक पेपरचं पहिलं पान जोडा. त्यावर तुमच्या नावाशेजारी तारांकन किंवा लिफाफ्याचं चिन्ह असेल तर हायलाइट करा. पत्रव्यवहार करणारे लेखक तुम्हीच, याचा तोच पुरावा. सोबत आयएसएसएन (जर्नलचा क्रमांक), डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) आणि इम्पॅक्ट फॅक्टरची वर्षासह प्रत. इम्पॅक्ट फॅक्टर कुणाचा धरायचा यासाठी नियमावलीत थॉमसन रॉयटर्सचं नाव आहे. तो काढण्याचं काम २०१६ पासून क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे. जर्नलच्या मुखपृष्ठावर कुणीही छापलेला इम्पॅक्ट फॅक्टर धरू नका. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, म्हणून आधीच्या पेपरांसाठी त्या वेळच्या नोंदीचा स्क्रीनशॉट असेल तर तो सांभाळून ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ नावात जातो. ‘पाटील एस.’ या नावाने स्कोपसवर (पेपर आणि सायटेशनच्या नोंदींचा डेटाबेस) शोधा, किती जण निघतात ते बघा. कुणाचे पेपर तुमच्या खात्यात, तुमचे दुसऱ्याच्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या प्राध्यापिकांचे तर दोन-दोन प्रोफाइल असतात: एमएस्सी-पीएचडी माहेरच्या नावाने, नंतरचे पेपर सासरच्या. त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत फाइलमध्ये अगदी पुढे लावावी. ऑर्किड (ORCID) या संकेतस्थळावर संशोधकाची ओळख सांगणारा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो. तिथे दोन्ही नावं नोंदवा आणि स्कोपसला प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती पाठवा. हे काम जाहिरातीच्या मुदतीत उरकेलच असं नाही; सुट्टीतच करून टाका.

सायटेशन उपयोगी पडतं ते मुलाखतीत. एच-इंडेक्सची कल्पना २००५ मध्ये होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानेच मांडली: १२ पेपरांना प्रत्येकी किमान १२ सायटेशन असतील तर तुमचा एच १२. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटही (जर्नलमध्ये छापून येण्याआधी ऑनलाइन टाकलेले पेपर) मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपसपेक्षा सहसा मोठा दिसतो. कणभौतिकीवाल्यांनी इन्स्पायर या त्यांच्या विषयाच्या डेटाबेसचा आकडाही द्यावा. आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहा, स्वतःचीच सायटेशन वगळून किती उरतात तेही लिहा. मग तुमच्या तीन उत्तम पेपरांवर दोन-दोन ओळी: पुढे कुणी कशासाठी वापरले, कोणती मोजणी त्यावर उभी राहिली. समितीवरचे विषयतज्ज्ञ प्रश्न विचारतात ते याच ओळींवरून.

नोकरीत असाल तर अर्ज योग्य मार्गाने, म्हणजे प्राचार्यांच्या सहीने आणि ना-हरकत प्रमाणपत्रासह पाठवा. पानांना क्रमांक घाला, गुणांच्या तक्त्यात प्रत्येक दाव्यासमोर तो पान क्रमांक लिहा आणि संपूर्ण संचाची एक झेरॉक्स पोचपावतीसह स्वतःकडे ठेवा.