तुझा तो निनो कवा जायचा?

2023 च्या ऑगस्टमध्ये लातूरकडच्या मामांचा फोन आला, खुशाली वगैरे काही नाही, डायरेक्ट सवाल, "अरे, तुझा तो निनो कवा जायचा म्हणं?" जसं काही निनो माझ्याच घरी पाहुणा म्हणून उतरलाय. सोयाबीन ऐन फुलोऱ्यात, तीन आठवडे थेंब नाही, दुपारी पानं उलटी होऊन पांढुरकी पाठ दाखवायला लागलेली, आणि व्हॉट्सॲपवर एकच फॉरवर्ड फिरत होता की एल निनो आला, आता पाऊस गेला. मी म्हटलं, मामा, त्याला एकट्यालाच शिव्या देऊ नका, यात अजून दोघंतिघं सामील आहेत. तर म्हणे, "मग त्येंची बी नावं सांग."

आधी निनोचंच बघू. एरवी पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताजवळ वारे पेरूच्या बाजूने इंडोनेशियाकडे वाहतात आणि वरवरचं गरम पाणी ढकलत नेतात, इतकं की इंडोनेशियाकडे समुद्राची पातळी पलीकडच्या किनाऱ्यापेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते. गरम पाण्यावरची हवा वर चढते, ढग होतात, मग ती हवा वरूनच पूर्वेला जाऊन पेरूकडे खाली उतरते. जत्रेतला मोठा पाळणा आडवा हजारो किलोमीटर ताणला तर जसा दिसेल तसं, एक बाजू वर जाणारी, एक खाली येणारी. एल निनोत हे वारे ढेपाळतात, गरम पाणी पूर्वेकडे परत पसरतं आणि अख्खा पाळणाच सरकतो, त्यामुळे त्याची खाली उतरणारी बाजू इंडोनेशियावर आणि कधीकधी थेट आपल्या डोक्यावर येते. खाली उतरणारी हवा दाबली जाते, तापते, कोरडी पडते, तिच्यात ढग धरत नाहीत. बस, एवढाच निनोचा गुन्हा.

या पाळण्याला वॉकर सर्क्युलेशन म्हणतात आणि ते नाव ज्यांच्यावरून आलं त्या गिल्बर्ट वॉकरांच्या ऑफिसचा पुण्याशी संबंध आहे. शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौक आहे ना, रोज हजारो लोक त्या सिग्नलला थांबतात पण पुण्यात सिमला कुठून आलं हे फार कोणी विचारत नाही. तर हवामान खात्याचं मुख्यालय आधी शिमल्याला होतं, ते 1928 मध्ये पुण्यात आलं, आणि येताना नाव घेऊन आलं. वॉकर 1904 ते 1924 या खात्याचे प्रमुख होते. माणूस मूळ केंब्रिजचा गणिती, बूमरँगचा शौकीन, हवामानाशी आधी फारसा संबंध नाही. देशात मोठे दुष्काळ पडून गेलेले, सरकारला मान्सूनचा अंदाज हवा होता, म्हणून यांनी जगभरातले हवेच्या दाबाचे आकडे गोळा करून कशाचा कशाशी मेळ बसतो हे हातानं हिशोब करून तपासलं. त्यात सापडलं की पॅसिफिककडे दाब वाढला की हिंदी महासागराकडे कमी होतो आणि उलट, सीसॉ खेळल्यासारखं. खात्रीचा अंदाज त्यांना शेवटपर्यंत जमला नाही, पण हा सीसॉ आणि समुद्राचं तापणं एकाच गोष्टीची दोन अंगं आहेत हे 1969 मध्ये जेकब ब्यर्कनेस यांनी जुळवून दाखवलं आणि पाळण्याला वॉकरांचं नाव दिलं.

मग गडबड झाली 1997 ला. विसाव्या शतकातल्या सगळ्यात तगड्या एल निनोंपैकी एक, सगळे दुष्काळाच्या तयारीत, आणि देशात मान्सून पडला सरासरीच्या 102 टक्के. आणि 2002 ला त्याच्यापेक्षा बराच मवाळ निनो, तरी जुलैत निम्मासुद्धा पाऊस नाही, सीझन 81 टक्क्यांवर संपला. म्हणजे फॉरवर्डवाल्यांचं गणित दोन्हीकडून चुकलं.

इथे दुसरं नाव येतं, इंडियन ओशन डायपोल, आयओडी. आपल्या हिंदी महासागरातही असाच एक छोटा पाळणा आहे. कधी आफ्रिकेकडची बाजू जास्त तापते आणि सुमात्राकडची गार पडते, याला पॉझिटिव्ह म्हणतात, तेव्हा पश्चिमेकडे ढग जास्त होतात आणि ते सहसा आपल्या मान्सूनला मदत करतात. 1997 ला हा पॉझिटिव्ह जोरात होता, निनोनं ओढलेली दोरी यानं आपल्याकडून धरून ठेवली. मूळच्या पुण्याच्या शास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं की हिंदी महासागरावरच्या ढगांचा हा पूर्व-पश्चिम खेळ आणि एल निनो असे दोन्ही एकत्र बघितले की अति आणि अल्प पावसाच्या वर्षांचा उलगडा होतो, एकट्या निनोनं होत नाही. शिवाय पॅसिफिक नेमका कुठे तापला हेही महत्त्वाचं, पेरूजवळ तापला तर आपलं कमी बिघडतं, मधोमध तापला तर जास्त, 1997 आणि 2002 मध्ये हाही फरक होता.

मी हे सगळं सांगितल्यावर मामा खूश, मग यंदा तो आयओडी आहे का? आहे ना, पण उशिरा. 2023 ला पॉझिटिव्ह आयओडी नीट जमला तो ऑगस्ट सरता सरता, तोवर 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होऊन गेला, देशात 36 टक्के तूट. आणि त्यात तिसरा हात होता, एमजेओ, म्हणजे मॅडन-ज्युलियन ऑसिलेशन. पालखी कशी मुक्काम करत पुढे जाते, येते तेव्हा गावात गर्दी, गेली की शुकशुकाट, तसा हा ढगांचा मोठा ताफा विषुववृत्तावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो, फेरी साधारण 30 ते 60 दिवसांची. ताफा हिंदी महासागरावर असला की आपल्याला जोर, पॅसिफिककडे गेला की उघडीप. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा मग हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो, पाऊसही तिकडेच. त्याच ऑगस्टमध्ये शिमल्यात दरडी कोसळत होत्या आणि मामांच्या रानात भेगा.

आणि आयओडी पॉझिटिव्ह म्हणजे चांगलाच, असंही कोणी समजू नये. 2019 ला तो फार तगडा होता. जून देशभर कोरडा, मग ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्यात (तो महापूर सगळा आयओडीच्या नावावर टाकता येत नाही, पण असो), मान्सून परत निघाला तो 9 ऑक्टोबरला, इतक्या उशिरा आधी कधीच नाही, आणि पाठोपाठ तापलेल्या अरबी समुद्रात क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळं एकाच वेळी. कागदावर देशाचा पाऊस 110 टक्के, म्हणजे झकास वर्ष. मामांच्या काढून ठेवलेल्या सोयाबीनला गंजीतच कोंब फुटले होते.

त्यामुळे सीझनचा आकडा पेपरात छापायला बरा, रानाला तारीख लागते. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं, त्यातले पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी कामाचे असतात, कारण पालखी कुठवर आलीये हे त्यात धरलेलं असतं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये पाऊस परतला, देशात सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त, पण तोवर मामांच्या निम्म्या शेंगा पोचट राहिल्या होत्या. आता ते निनोची चौकशी करत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी फोन येतो, "पालखी कुठवर आली रं?"