स्वतःच्या गाडीने बोगद्यातून फ्रान्सला : निघण्यापूर्वी एवढं वाचा

(इंग्लंडमधून आमच्याकडे बुकिंग करणाऱ्या ग्राहकांसाठी)

इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या फोकस्टनहून फ्रान्सला गाडी न्यायची म्हटलं की बहुतेकांना धास्ती वाटते ती इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याची. खरं तर बोगद्याची ३५ मिनिटं हा या प्रवासातला सगळ्यात निवांत भाग आहे. अडचणी येतात त्याआधी, पासपोर्टच्या खिडकीपाशी आणि डिकीत. म्हणून या पत्रकात बोगद्याबद्दल थोडं आणि बाकीच्या गोष्टींबद्दल जास्त लिहिलं आहे.

नेमकं होतं काय?

इंग्लिश खाडीखालचा हा बोगदा मे १९९४ मध्ये सुरू झाला. लांबी सुमारे ५० किलोमीटर, त्यातले जवळजवळ ३८ समुद्राखाली. त्यातून रस्ता जात नाही, फक्त रेल्वे जाते. तुम्ही गाडी चालवत थेट रेल्वेच्या डब्यात शिरता, आतल्या आतच पुढे सरकता आणि कर्मचारी खूण करेल तिथे थांबता. पलीकडे कॅलेजवळ कोकेलला पोहोचलात की समोरूनच बाहेर. रिव्हर्स घ्यावा लागत नाही.

कोकण रेल्वेने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णे मोटारींची रो-रो (मोटारी रेल्वेवर चढवून नेण्याची सेवा) सुरू केली, तेव्हापासून "तसंच ना?" असं आम्हाला विचारलं जातं. तसं नाही. तिथे मोटार उघड्या वाघिणीवर आणि माणसं वेगळ्या डब्यात असतात. इथे बंद डब्यात तुम्ही आपापल्या गाडीतच बसून राहता.

डब्यात हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, इंजिन आणि दिवे बंद करा, काचा अर्ध्या खाली घ्या. बोगद्यात हवेचा दाब बदलतो, शिवाय काच खाली असली की घोषणाही ऐकू येतात. उतरून पाय मोकळे करता येतात, पण स्वच्छतागृह प्रत्येक डब्यात नसतं. लहान मुलांचं ते काम टर्मिनलवरच उरकून घ्या.

आणि हो, मासे दिसत नाहीत. बोगदा समुद्रतळाच्याही बराच खाली, चुनखडीमिश्रित मातीच्या थरात खणलेला आहे. खिडकीतून फक्त काळोख दिसतो. मुलांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आग लागली तर काय, हेही विचारलं जातं. रेल्वेचे दोन बोगदे आहेत आणि त्यांच्या मधोमध तिसरा, सेवा-बोगदा. दर ३७५ मीटरवर त्यात जायला दारं आहेत, आणि धूर आत शिरू नये म्हणून तिथला हवेचा दाब मुद्दाम जास्त ठेवतात.

तिकीट माणसांचं नाही, गाडीचं

एका गाडीत चालकासह नऊ जणांपर्यंत तेच भाडं. आई-बाबा भारतातून आलेले असतील तेव्हा हा हिशेब फार सोयीचा पडतो. मात्र बुकिंग करताना गाडीची उंची खरी सांगा. १.८५ मीटरपेक्षा उंच गाड्यांना एकमजली डबे लागतात आणि टपावरची पेटीही उंचीत धरतात. एलपीजीवर चालणारी गाडी घेतच नाहीत, विजेवरची चालते.

समुद्राची हवाच खायची असेल तर डोव्हरहून फेरीबोट आहे, दीड तासाची. कधीकधी स्वस्तही पडते. तिचंही बुकिंग आम्ही करतो, पण थंडीत वारा सुटला की आम्ही बोगदाच सुचवतो.

पासपोर्ट, व्हिसा

ब्रिटिश आणि फ्रेंच, दोन्ही तपासण्या फोकस्टनलाच होतात. म्हणजे कागद अपुरे असतील तर परत फिरणंही तिथूनच.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागतोच. ब्रिटनमध्ये कायमचं वास्तव्य मिळालेलं असलं तरीही. मुक्काम जिथे जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. स्वित्झर्लंडला आठ दिवस आणि वाटेत पॅरिसला एक, तर अर्ज स्विस. परतीसाठी तुमचा ब्रिटनचा ई-व्हिसा (वास्तव्याच्या परवानगीची ऑनलाइन नोंद) चालू पासपोर्टशी जोडलेला आहे ना, हे घरीच पाहून घ्या. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर तो प्रवेशाच्या दिवशी दहा वर्षांहून जुना नसावा आणि युरोपातून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक असावेत.

ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने सीमेवर ये-जा करणाऱ्या परदेशी प्रवाशांची नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने आणली आहे. त्यात फोटो आणि, व्हिसा न लागणाऱ्यांचे, बोटांचे ठसेही घेतात (बारा वर्षांखालच्या मुलांचे नाही). त्यामुळे सुट्ट्यांच्या दिवसांत वेळेच्या दीड-दोन तास आधी पोहोचा.

डबा

सोबतच्या खाण्याच्या डब्याबाबत आमच्या लोकांची सगळ्यात जास्त निराशा होते. ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पनीर, श्रीखंड, पेढे, तुपाची बरणी घरीच ठेवा. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेही नकोत. केळी, नारळ, खजूर चालतात. चिवडा, चकल्या, शंकरपाळ्या, मेतकूट, कोरडे मसाले खुशाल न्या. तान्ह्या बाळाच्या दूध-पावडरीला ठराविक मर्यादेत सूट आहे, सीलबंद डबा न्या.

येतानाही तेच. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनने युरोपातून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी घातली. फ्रेंच चीज तिथेच खाऊन या.

पलीकडे उतरल्यावर

घड्याळ एक तास पुढे. गाडी उजवीकडून. हेडलाइटला लावायचे स्टिकर, धोक्याचा त्रिकोण, चमकतं जाकीट (डिकीत नको, हाताशी हवं), मागे "यूके" स्टिकर आणि गाडीच्या नोंदणीची मूळ प्रत सोबत ठेवा. मोटरवेवर वेगमर्यादा १३० किलोमीटर, पावसात ११०. टोलची खिडकी तुमच्या डाव्या हाताला येते, म्हणून सुटे पैसे आणि कार्ड शेजारी बसणाऱ्याकडे द्या.

बुकिंगसाठी आम्हाला कळवा

गाडीचा नंबर, टपावरच्या सामानासह उंची, प्रवाशांची पासपोर्टवर आहेत तशीच नावं, आणि जाण्या-येण्याच्या तारखा. व्हिसा हातात नसेल तर तेही सांगा, म्हणजे तारीख बदलता येईल असंच तिकीट काढू.